हातभर समुद्र

१

एक कान कामाला आणि एक कान बाबांना, अशी त्या घरात लेकीच्या कानांची वाटणी झालेली होती. ती डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टर लोक तपासणी झाली की मशीनमध्ये भराभरा बोलून मोकळे होतात. ते बोलणं धड वाक्यांत उतरवणारं माणूस कुठल्यातरी खोलीत मान मोडेपर्यंत बसलेलं असतं, तशी ही बसायची. पायाखाली रेकॉर्डिंग थांबवायचं-चालवायचं पेडल, डोक्यावर हेडफोन. फक्त उजव्या कानावरचा गोळा ती कायम मागे सरकवून ठेवायची, कारण पलीकडच्या खोलीतून बाबा चमच्याने बोलायचे.

बाबांना पक्षाघात होऊन दीड वर्ष झालं होतं. उजवं अंग गेलं आणि वाचाही जवळजवळ गेली. डाव्या हातात स्टीलचा चमचा असायचा, तो ते पलंगाच्या लोखंडी कठड्यावर वाजवायचे. एक ठोका म्हणजे 'आहेस ना?' त्यावर तिने आपल्या टेबलावर बोटाने एक ठोका द्यायचा, म्हणजे 'आहे'. दोन म्हणजे 'सैल कर', मग ते पांघरूण असो, उशी असो की पायजम्याची नाडी. तीन म्हणजे पाणी. ही भाषा दवाखान्यात कोणी शिकवलेली नव्हती. बाबा बंदरातले पाणबुडे. चाळीस वर्षं त्यांनी जहाजांचे तळ खरवडले, अडकलेले पंखे सोडवले, हरवलेले नांगर शोधले. पाण्याखाली उतरलेला माणूस आणि वर दोर धरून बसलेला माणूस एकमेकांशी दोराच्या झटक्यांनी बोलतात, तीच ही भाषा. ती लहान असताना बापलेक ती कपड्यांच्या दोरीवर खेळायचे.

दोराच्या भाषेत चारही असतात. चार म्हणजे 'वर ओढ'. ठोके ठरवायच्या दिवशी तिने चार बोटं दाखवली, तेव्हा बाबांनी जोरजोरात मान हलवली आणि पाटीवर डाव्या हाताने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'चार नको.' तिने कारण विचारलं नाही. त्या घरात काही गोष्टी विचारायच्या नसतात, हे ती आईच्या हाताखाली शिकली होती.

व्यायाम घ्यायला येणारी बाई एकदा म्हणाली, "दिवसभर भिंतीकडे बघून माणूस भिंतच होतो. त्यांना बघायला काहीतरी हलतं द्या." लेकीने बाबांसमोर पाटी धरली. बराच वेळ विचार करून त्यांनी लिहिलं, 'मासे.'

तिला हसू आलं आणि मागोमाग भडभडूनही आलं. बंदराचं पाणी काळं असतं, डोळ्यासमोर धरलेला आपला पंजा दिसत नाही, सगळं काम चाचपून करायचं. बाबा धडधाकट असताना म्हणायचे, "पाण्यात जन्म काढला, पण मासा बघितला तो ताटातच." आयुष्यात एकदा तरी त्यांना स्वच्छ समुद्र दाखवायचा, हे तिने त्याच दिवशी मनावर घेतलं.

२

"गोड्या पाण्याचे घ्या मॅडम," शोभेच्या माशांच्या दुकानातले मासेवाले म्हणाले. "आज टाकी, उद्या मासे. खाऱ्याच्या नादी लागू नका. ते म्हणजे हौस नाही, नोकरी आहे."

"मला समुद्रच हवाय. ते समुद्रातले आहेत."

"कोण, मासे?"

"माझे बाबा."

मासेवाल्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि टाकीचं माप लिहून घेतलं. मिठाच्या पाण्यात हात घालून घालून त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. बोलणं मात्र मऊ होतं.

टाकी दोन फूट लांब आणि हातभर खोल. पलंगावर पडल्या पडल्या दिसावी म्हणून ती बुटक्या टेबलावर मांडली. मासेवाल्यांनी टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, पुन्हा पुन्हा वाकून पातळी बघितली. मग पांढरी वाळू. मग बादल्यांमध्ये फिल्टरचं शुद्ध पाणी आणि त्यात टाकीसाठी मिळतं ते मीठ, रात्रभर पंपाने घुसळून. दुर्बिणीसारख्या एका छोट्या नळीत थेंब टाकून, तिला उजेडासमोर धरून, खारटपणा कसा बघायचा ते त्यांनी शिकवलं. मापात हयगय तिच्या स्वभावातच नव्हती. रिपोर्टमधला एक दशांश इकडचा तिकडे झाला तर माणसाचं काय होतं हे तिला पक्कं माहीत होतं.

शेवटी दगड आले. ओल्या कापडात गुंडाळलेले, भोकाभोकांचे, जांभळट डागांचे पाच दगड. त्यांतला एक चांगला घमेल्याएवढा होता आणि त्याच्या पोटाखाली पोकळी होती.

"हे नुसते दगड नव्हेत, जिवंत दगड," मासेवाले म्हणाले. "यांच्या अंगावर वस्ती असते. तीच पाणी राखते. आत कायकाय दडलंय ते आम्हालाही ठाऊक नसतं. कोणाकडे खेकडा निघतो, कोणाकडे अळी. बिनबोलावलेले पाहुणे, दुसरं काय."

"आणि मासे?"

"महिनाभर मासा नाही. पाणी मुरू द्या. रोज वाफ होऊन जेवढं पाणी कमी होईल तेवढं साधं पाणी घाला. साधंच बरं का. मीठ उडून जात नसतं, पाणी उडतं. नवीन माणूस हमखास खारं पाणी घालतो आणि टाकीचं वाटोळं करतो."

दिवा लावला. निळसर उजेड पाण्यातून खाली उतरला आणि भिंतीवर लाटांच्या सावल्या हलायला लागल्या. लेकीने टाळ्या पिटायच्याच बाकी होत्या. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांची नजर लाटांवर नव्हती. ते मोठ्या दगडाच्या पोटाखालच्या अंधाराकडे बघत होते, गर्दीत ओळखीचा चेहरा दिसल्यासारखं वाटलं तर माणूस बघतो तसे.

३

पुढचे दिवस बरे गेले. सकाळी उठून ती आधी बाबांचा ताप बघायची, मग टाकीचा. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग हिरवा झाला की पिवळा ते तक्त्याशी ताडून बघायचं. वाळूवर तपकिरी साय धरली तेव्हा ती घाबरली, पण मासेवाले फोनवर म्हणाले की धरतेच, सोडून द्या.

बाबांचे ठोकेही वाढले. पूर्वी दिवसातून दोनचारदा 'आहेस ना?' यायचं, आता दहा-पंधरा वेळा यायला लागलं. रिपोर्ट टाइप करता करता ती न बघता बोटाने टेबलावर 'आहे' म्हणायची. तिला याचं बरं वाटत होतं. माणसाची जगण्यावरची वासना उडते तेव्हा तो हाका मारायचा थांबतो, असं तिने इतक्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं की हाका वाढल्या याचा अर्थ तिने चांगलाच घेतला. भावाला फोनवर सांगितलंही. भाऊ म्हणाला, "ताई, मासे यायच्या आधीच एवढी तरतरी, तर मासे आल्यावर उठून बसतील."

एका दुपारी ती धुतलेले अभ्रे घेऊन बाबांच्या खोलीतून कपाटाकडे चालली होती. बाबांना गाढ झोप लागली होती. तोंड अर्धवट उघडं, श्वास संथ. चमचा हातातून निसटून पलंगाखाली पार भिंतीजवळ गेला होता. अभ्रे कपाटात ठेवून चमचा काढावा, असा विचार ती करत होती, आणि ठोका पडला.

एक.

ती अभ्रे छातीशी धरून तशीच उभी राहिली. बाबा झोपलेलेच होते. आवाज टाकीकडून आला होता. काचेला आतून कोणी टिचकी मारावी तसा. थोड्या वेळाने पुन्हा एक. मग जरा थांबून, उत्तर न आल्यामुळे थांबावं तितकंच थांबून, आणखी एक.

का ते तिलाही सांगता आलं नसतं, पण तिने बोट वाकवून कपाटाच्या दारावर एकदा वाजवलं.

टाकी गप्प झाली. पाण्यात मासा नव्हता, खेकडा नव्हता, हलत होती ती फक्त लाटांची सावली. मग आपण इतके दिवस 'आहे, आहे' म्हणून कोणाला सांगत होतो, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो अभ्र्यांबरोबर घडी घालून कपाटात ठेवला.

४

मासेवाले फोनवर मनापासून हसले. "अहो पिस्तूल कोळंबी! नांगीचा चाप असा ओढते की बंदूक झाडल्यासारखा आवाज येतो. नवीन माणसाला वाटतं काच तडकली. दगडातून आलेली असणार. येतो उद्या."

ते आले. एकेक दगड त्यांनी जास्त खारट पाण्याच्या बादलीत बुडवला, आणि तिसऱ्या दगडातून खरोखरच अंगठ्याएवढी एक मातकट कोळंबी तडफडत बाहेर पडली. एक नांगी बारीक, एक अवाढव्य. बरणीत घातल्यावर तिने चाप ओढला आणि बरणी कडाडली.

"घ्या, चोर सापडला," मासेवाले म्हणाले.

लेकीच्या जिवात जीव आला. तिला आपल्या भित्रेपणाचं हसू आलं. आपल्यासारखी शिकलीसवरली, दिवसभर शास्त्राचे रिपोर्ट लिहिणारी बाई एका कोळंबीला घाबरली, हे भावाला सांगायचं नाही असं तिने ठरवलं. मासेवाल्यांनी जाताना काचेवरचं शेवाळ खायला दोन गोगलगायी सोडल्या आणि मासे पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाले.

एवढंच होतं की बरणीतली कोळंबी दारापर्यंत जाईतो वाजत राहिली, आणि ती कशीही वाजत होती. एकदा, मग सहादा, मग लागोपाठ वेडीवाकडी. तिला मोजणी येत नव्हती. हे लेकीच्या लक्षात आलं आणि तिने ते लक्षातून काढून टाकलं.

५

तिसऱ्या दिवशी दुपारी टाकीतून ठोके आले. लेक मोजत नव्हती, पण दीड वर्षाच्या सवयीने कानानेच मोजले.

चार.

ती धावत गेली. बाबा जागे होते. चमचा मुठीत घट्ट, पण हात पांघरुणावर निपचित पडलेला. कपाळावर घाम होता आणि डोळ्यांतून पाणी वाहून कानात चाललं होतं. तिने ते पुसलं. त्यांनी पाटीसाठी बोटं हलवली आणि लिहिलं, 'ऐकलंस?'

"पंप असेल बाबा. पंपात खडा गेला की वाजतो."

तिने पंप बंद केला. चार. हीटर कधीकधी गरम होताना टकटकतो, म्हणून हीटर बंद केला. चार. दिवाही बंद केला, सगळ्या वायरी उपटल्या. पाणी आरशासारखं थांबलं, आणि त्या थांबलेल्या पाण्यातून, मोठ्या दगडाच्या बाजूने, तितक्याच सावकाश पुन्हा चार ठोके आले.

बाबांनी लिहिलं, 'ओढ.'

"काय ओढू बाबा? हातभर पाणी आहे ते."

त्यावर त्यांनी पाटी पालथी घातली. त्या वेळी तिला आईने सांगितलेली गोष्ट आठवली. आईने ती एकदाच सांगितली होती, भांडी पुसता पुसता. बाबांचा एक जोडीदार होता. दोघे आळीपाळीने उतरायचे, एक खाली आणि एक दोरावर. एके दिवशी जोडीदार खाली होता, बाबा दोरावर होते, आणि जोडीदार वर आला नाही. चौकशीत ठरलं की ओहोटीला जोर होता, दोर सारखाच हिसके खात होता, त्यातले माणसाचे कुठले आणि पाण्याचे कुठले हे कोणालाच सांगता आलं नसतं. कोणाचाही दोष नाही. त्यानंतर बाबांनी अकरा वर्षं काम केलं, पण दोर पुन्हा हातात धरला नाही. दर वेळी आपणच खाली उतरले. एवढं सांगून आईने भांडी फळीवर लावली होती आणि विषय मिटवला होता.

आणि तिला कपड्यांची दोरीही आठवली. एकदा खेळताना बाबांनी चार झटके दिले आणि ती हसत सुटली, ओढायची राहिली. बाबा तिच्यावर आयुष्यात एकदाच ओरडले, ते त्या दिवशी. "दोर हातात असताना डोकं चालवायचं नाही, पोरी. खालचा मागेल ते द्यायचं. मागेल तेव्हा द्यायचं."

तिने वायरी परत लावल्या. मासेवाल्यांना फोन करून सांगायचं तरी काय? टाकी मदत मागते म्हणून?

६

आठवडाभर टाकी दिवसातून कितीतरी वेळा चार वाजवत राहिली. माणूस कशालाही सरावतो. लेक धावत जायची, मग चालत जायला लागली, मग जायची थांबली. बाबा झुरत चालले होते. घास तोंडात तसाच धरून टाकीकडे बघत बसायचे. मासे आणायला तिने मासेवाल्यांना तूर्त नको म्हणून सांगितलं.

मग एक दिवस तीन ठोके आले. तिला वाटलं आता टाकीने तीनही उचलले. तिने रिपोर्टचं पान पुरं केलं. पान संपता संपता पलीकडे धप्पकन आवाज झाला. बाबा तांब्यासाठी वाकले होते आणि पलंगावरून अर्धे खाली लोंबकळत होते. कपाळाला खोक पडली होती, ओठ कोरडे ठणठणीत. ते ठोके लोखंडावरचेच होते. तहानलेल्या बापाने पाणी मागितलं होतं आणि लेकीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

ती त्यांना छातीशी धरून रडली. बाबा डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

संध्याकाळी तिने भावाला सगळं सांगितलं.

"ताई, तू किती दिवसांत घराबाहेर पडली नाहीस?"

"त्याचा काय संबंध?"

"संबंध नाही, पण ती टाकी काढ. बाबांना काय, पुढे एखादा टीव्ही लावू. तुझे कान शाबूत राहू देत."

हे तिला पटलं. मासेवाले दुसऱ्या दिवशी चार वाजता बादल्या घेऊन येतो म्हणाले, आवाजात थोडी निराशा होती. पण तोवरचा प्रश्न होताच. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून प्यायला हवं होतं. म्हणून ती आपल्या टेबलाशी डोळे मिटून तासभर बसली आणि नुसतं ऐकत राहिली. लोखंडाचा ठोका पडल्यावर क्षणभर मागे गुणगुणतो. काचेचा कोरडा असतो, पडतो आणि संपतो. लोखंड म्हणजे बाबा, काच म्हणजे टाकी. हे तिने रिपोर्टच्या वाक्यासारखं मनात पक्कं टाइप करून ठेवलं, आणि आता आपल्याला कोणी फसवू शकणार नाही अशी तिची खात्री पटली.

७

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने बाबांना चाकांच्या खुर्चीत बसवलं. दीड वर्षात तिला त्यांचं वजन पाठ झालं होतं. शेवटचं एकदा जवळून बघून घेऊ देत, म्हणून तिने खुर्ची टाकीशी नेऊन लावली, गुडघ्यांवर शाल टाकली, निर्जीव उजवा हात मांडीवर नीट ठेवला आणि डाव्या हातात चमचा दिला.

"चार वाजता नेतील हं बाबा. मग मी तुम्हाला खरा समुद्र दाखवायला नेईन. गाडी करून जाऊ."

बाबांनी चमचा मांडीवर टाकून तिचं मनगट धरलं. मग सोडून पाटीवर लिहिलं, 'थांब.'

"एवढी एक फाइल संपवते आणि येतेच. तातडीची आहे."

तिला ती संपवायचीच होती. ती आपल्या टेबलाशी येऊन बसली, पेडलवर पाय ठेवला. डॉक्टर घाईघाईने कोणाच्या तरी फुप्फुसात साठलेल्या पाण्याबद्दल बोलत होते. किती, कुठे, कुठल्या बाजूला. बाहेर ऊन रखरखत होतं, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

चार ठोके आले. कोरडे. काचेचे.

ओळखला, असं तिच्या मनात आलं आणि तिला आपल्या कानाचा अभिमानच वाटला. तिने पुढचं वाक्य टाइप केलं. पुन्हा चार. आता जरा घाईचे. तू वाज किती वाजायचं ते, चारला बघते तुला, असं ती पुटपुटली. तिसऱ्यांदा चार आले, लागलीच चौथ्यांदा. ते थांबेनात, तेव्हा तिने उजव्या कानावरचा गोळा पुढे ओढला. दीड वर्षात पहिल्यांदाच तिचे दोन्ही कान झाकले गेले. डॉक्टरांचा आवाज डोक्याच्या मधोमध स्वच्छ ऐकू यायला लागला आणि काम झपाट्याने पुढे सरकलं.

एक पान झालं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिची बोटं थांबली.

कठडा पलंगाला होता. बाबा पलंगावर नव्हते. तिनेच त्यांना उचलून काचेशी बसवलं होतं, हातात चमचा देऊन.

८

खुर्ची टाकीला भिडली होती. बाबांचा उजवा हात, मांडीवर ठेवला की दिवसभर मांडीवरच राहणारा तो हात, खांद्यापर्यंत पाण्यात होता. गाल टाकीच्या काठावर दाबला गेला होता. डावा हात काचेवर, मुठीत चमचा. तो आता वाजत नव्हता.

समोरच्या काचेतून तिला वाळू दिसली. दगड दिसले, दोन गोगलगायी दिसल्या. हात दिसला नाही.

तिने वरून वाकून पाहिलं. वरून पाहिलं तर तळ नव्हता. पाणी काळं होतं, तेलकट, बंदराच्या वासाचं, आणि बाबांचा हात त्यात सरळ खाली गेला होता, दोरासारखा ताणलेला. कोपराच्या पुढे काही दिसत नव्हतं. फक्त एकदा, फार खाली, काहीतरी फिकट वळलं. त्याने मनगट धरलं होतं की मनगटाने त्याला, हे कळायच्या आत ते पुन्हा अंधारात गेलं.

तिने मागून बाबांच्या काखांत हात घातले आणि ओढलं. "ओढते बाबा, ओढते, आले मी." जे वजन हाताला लागलं ते बाबांचं नव्हतं. त्यात आणखी एका माणसाचं वजन होतं, आणि भिजलेल्या कपड्यांचं, आणि पाण्याचं. ते बोटभर वर आलं. आणखी बोटभर आलं. मग तिचे पाय फरशीवरून घसरले आणि बाबांचा खांदा पुन्हा पाण्यात गेला, पहिल्यापेक्षा खोल. मानेपर्यंत. मघाशी आले असते तर, तेव्हा हलकं होतं, हे तिला लख्ख कळलं, आणि त्या कळण्याने तिच्या हातांतलं बळ निम्मं झालं.

चमचा काचेवर वाजला. दोन.

सैल सोड.

"नाही," ती म्हणाली. "उशीर झाला मला, पण आले ना बाबा. मी नाही सोडणार."

पुन्हा दोन. अजिबात घाई नव्हती त्यांत. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांचा चंबू करून ते सावकाश श्वास सोडत होते, जहाजाच्या शिडीवरून उतरायच्या आधी सोडत तसा. ती पाच-सहा वर्षांची असताना एकदा त्यांनी तिला धक्क्यावर नेलं होतं, तेव्हा तिने हे पाहिलं होतं. कामावर निघालेल्या माणसाचा चेहरा होता तो. त्या खोलीत घाबरलेली ती एकटीच होती. तिला बाप हवा होता, कसाही, पडलेला, मुका, चमच्याने बोलणारा. आणि त्यांनी तर तिच्याकडे सरळ मागितलं होतं, दोनदा.

तिने आधी एक हात काढला. मग रडत रडत दुसरा.

डोळे मिटलेले असल्यामुळे पुढचं तिने पाहिलं नाही. छातीवरचा भार उतरला. खुर्ची रिकामी असावी तशी हलकेच मागे सरकली आणि तिच्या पोटाला लागली. पाणी काठावरून सांडून तिची पावलं ओली झाली, कोमट. चमचा तळाला लागल्याचा आवाज येईल म्हणून ती थांबली, तो आला नाही.

दारावरची बेल वाजली. मासेवाले असणार, चारच्या ठोक्याला येणारा माणूस. बाहेर त्यांनी बादल्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

ती टाकीशी गुडघ्यांवर बसली आणि तिने काचेला कान लावला. उतरलेला माणूस नीट पोचला की एक झटका देतो, ठीक आहे म्हणून. त्याला वेळ लागतो. पाणी किती खोल आहे त्यावर ते असतं. बेल पुन्हा वाजली, मग मासेवाल्यांनी बाहेरून मॅडम म्हणून हाक मारली. तिने हात वर करून त्यांना गप्प राहायची खूण केली, दार बंद आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं, आणि बोट काचेजवळ धरून ती ऐकत राहिली.